नळीला मोकळीक, ॲक्शनला बैठक: रायफलच्या अचूकतेमागचे बेडिंग

१९६६ साली अमेरिकेच्या मरीन दलाने व्हिएतनाममधील लढाईसाठी एम ४० ही दूर पल्ल्याची रायफल स्वीकारली. रेमिंग्टन ७०० या रायफलीवर ती आधारलेली होती. तिची नळी चांगली होती, ॲक्शन, म्हणजे नळीमागचा पोलादी भाग, नावाजलेली होती आणि दुर्बीण त्या काळच्या मानाने उत्तम होती. तरीही तिथल्या दमट हवेत या रायफली आपली अचूकता टिकवून ठेवीनात. दोष पोलादात नव्हता. तो अक्रोडाच्या लाकडात होता. ओलाव्याने फुगलेले आणि पिळलेले लाकूड पोलादी भागांवर कुठे, किती आणि कोणत्या दिशेने दाब देईल याचा भरवसा उरला नव्हता. पुढे १९७० च्या दशकात मरीन दलाच्या क्वांटिको येथील शस्त्र कारागिरांनी याच ॲक्शनवर एम ४० ए१ ही रायफल बांधली. तिच्यात लाकडाऐवजी फायबरग्लासचा स्टॉक (हातात आणि खांद्याला येणारा भाग) आला आणि त्यात ॲक्शन काळजीपूर्वक बसवण्यात आली. ॲक्शन अशा रीतीने बसवण्याच्या कामाला बेडिंग म्हणतात, आणि नळी व स्टॉक यांच्यात फट ठेवून नळी अधांतरी सोडण्याला फ्री-फ्लोटिंग म्हणतात. हे दोन्ही शब्द बहुधा एका दमात उच्चारले जातात, पण त्यांची कामे वेगळी आहेत आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

रायफलीचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग पोलादी असतो: नळी आणि तिच्या मागे घट्ट आटे देऊन बसवलेली ॲक्शन, म्हणजे ज्यात बोल्ट नावाचा दांडा मागेपुढे सरकतो आणि काडतूस बंद होते ते पोलादी घर. दुसरा भाग म्हणजे स्टॉक, जो खांद्याला टेकतो आणि हातात धरला जातो. स्टॉकचा जो भाग नळीखालून पुढे जातो त्याला फोरएंड म्हणतात. ॲक्शन स्टॉकमध्ये बहुधा दोन स्क्रूंनी आवळलेली असते. तिच्या पुढच्या टोकाला खाली एक जाड पोलादी दात असतो. त्याला रिकॉइल लग म्हणतात. गोळी पुढे जाताना संपूर्ण पोलादी भागाला मागे जो धक्का बसतो, तो हा दात स्टॉकमधील खाचेच्या मागच्या भिंतीवर सोपवतो. स्क्रूंचे काम ॲक्शन खाली दाबून धरण्याचे आहे. धक्का झेलण्याचे काम त्यांच्यावर पडू लागले, तर बैठक बिघडली आहे असे समजावे.

काडतुसातील दारू पेटल्यावर .३०८ सारख्या रायफलीच्या नळीत सुमारे ४,००० बारपर्यंत दाब चढतो आणि गोळी नळीबाहेर पडायला साधारण एक ते दीड मिलिसेकंद लागतो. पोलादात ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला सुमारे ५,००० मीटर असतो, त्यामुळे एवढ्याशा वेळातही स्फोटाचा हादरा ६० सेंटिमीटरच्या नळीतून अनेकदा पुढे जाऊन परत येतो. नळी या वेळी किंचित वाकते, थरथरते, आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे तोंड ज्या दिशेला रोखलेले असेल त्या दिशेने गोळी जाते. हे थरथरणे थांबवता येत नाही, आणि थांबवण्याची गरजही नाही. प्रत्येक गोळीला ते अगदी सारखे व्हावे एवढेच हवे असते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला बारीक दोरा केसभर हलला तरी सूर बदलतो, तसेच नळीला मध्येच कुठेतरी लागलेला लाकडाचा स्पर्श तिच्या कंपनाची चाल बदलतो.

हा फरक किती लहान असतो हे आकड्यांतून नीट कळते. नेमबाज अचूकता कोनाच्या मिनिटांत मोजतात. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि १०० मीटर अंतरावर तो सुमारे २९ मिलिमीटर भरतो. आता ६० सेंटिमीटरची नळी मुळापासून सरळ कलली असे धरले, तर तिचे तोंड केवळ ०.१७ मिलिमीटरने, म्हणजे साध्या कागदाच्या दोनच पानांच्या जाडीइतके सरकले तरी गोळी १०० मीटरवर पूर्ण एक मिनिट बाजूला पडते. लाकडाने नळीला एवढे ढकलणे मुळीच अवघड नाही.

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते, पण सर्व दिशांनी सारखे फुगत नाही, आणि खरी अडचण या असमानतेत आहे. अमेरिकी काळ्या अक्रोडाचे ओले लाकूड पूर्ण वाळवले तर ते वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे ५.५ टक्के, आणि धाग्याच्या लांबीच्या दिशेने जवळपास शून्य. म्हणजे लाकडातील ओलाव्याचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांनी बदलले, तर ४५ मिलिमीटर रुंदीच्या फोरएंडमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडू शकतो; आणि दोन दिशांचे प्रमाण वेगळे असल्यामुळे फोरएंड नुसता फुगत नाही, तर एका बाजूला पिळतो. उन्हाळ्यात तंतोतंत लागणारी लाकडी स्टॉकची रायफल भर पावसाळ्यात डावीकडे किंवा वर मारू लागते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. कोकणात किंवा गोव्यात जुनी लाकडी रायफल बाळगणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

लाकूड फुगले नाही तरी उष्णता आहेच. सलग गोळ्या झाडल्यावर नळीचे तापमान ६० अंशांनी वाढले, तर ६० सेंटिमीटरची नळी सुमारे ०.४ मिलिमीटरने लांबते. फोरएंडच्या टोकाशी ती एका बाजूला घट्ट टेकलेली असेल, तर या लांबण्याबरोबर तिथला दाब बदलतो आणि गोळ्या एका रेषेत, बहुधा तिरप्या, सरकत जातात. लक्ष्यावर अशी रेषा दिसली, तर नेमबाजाने आपल्या श्वासाला किंवा चापावरच्या बोटाला दोष देण्याआधी फोरएंड तपासावा. स्लिंग म्हणजे रायफलीचा पट्टा हाताला घट्ट आवळून मारणाऱ्यांची अडचण याच जातीची आहे: स्लिंग फोरएंडला अडकवलेली असते, तिच्या ताणाने फोरएंड वाकतो आणि नळीला बाजूने टेकू शकतो. बायपॉडवर, म्हणजे फोरएंडखालच्या दोन पायांच्या आधारावर, भार टाकला की पातळ फोरएंड वर नळीकडे वाकतो. दोन्ही वेळी ताण जितका कमीजास्त, तितकी गोळी इकडेतिकडे.

नळी मोकळी केली की यांतील बरीच कारणे एकदम निघून जातात. फट पुरेशी आहे का हे पाहण्याची रीत सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून, कागदाची पट्टी नळी आणि फोरएंड यांच्यामध्ये सरकवावी आणि ती ॲक्शनच्या पुढच्या टोकापर्यंत कुठेही न अडकता यावी. परंतु एका कागदाएवढी फट कागदोपत्रीच पुरेशी असते. रायफल नेहमी ज्या पद्धतीने धरली जाते त्याच पद्धतीने, स्लिंग ताणून किंवा बायपॉडवर भार देऊन, फोरएंड हाताने नळीकडे दाबून पाहावा. तेव्हाही स्पर्श होता कामा नये. लाकडी स्टॉकला दीड ते दोन मिलिमीटर फट ठेवणे मला शहाणपणाचे वाटते, मग ती दिसायला थोडी बेढब दिसली तरी चालेल. १९६४ साली विंचेस्टरने आपल्या मॉडेल ७० ची रचना बदलली, तेव्हा नळीभोवतीची रुंद फट पाहून जुने चाहते नाराज झाले होते. त्या बदललेल्या रायफलीत नाराज होण्यासारखे इतरही पुष्कळ होते, पण फटीमागचा विचार चुकीचा नव्हता.

बरेच जण इथे घाई करतात. लाकूड खरवडून नळी मोकळी करणे हे सँडपेपर आणि एका दुपारचे काम असल्यामुळे आधी तेच उरकले जाते, आणि मग रायफल पूर्वीपेक्षा वाईट मारू लागली म्हणून फ्री-फ्लोटिंगलाच नावे ठेवली जातात. खरे तर फोरएंडच्या टोकाचा आधार त्या नळीचे वजन पेलून सैल ॲक्शनला स्थिर ठेवण्यास मदत करीत होता. तो काढल्यावर पुढे लटकणाऱ्या नळीचा सगळा भार ॲक्शनच्या बैठकीवर आला, आणि ती बैठक मुळातच डगमगती होती. म्हणून आधी बेडिंग तपासावे आणि नंतर नळीकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे.

बेडिंगची तपासणी घरगुती अंदाजाने नव्हे, डायल इंडिकेटरने, म्हणजे सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापयंत्राने करावी. इंडिकेटरचा पाया नळीवर आणि त्याची टोकदार काडी फोरएंडच्या टोकावर ठेवावी, मग पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा आणि काटा किती फिरतो ते पाहावे. नंतर तो आवळून मागच्या स्क्रूचीही तशीच परीक्षा घ्यावी. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी हलला तर बैठक निकोप आहे. त्याच्या कित्येक पट हलला तर स्क्रू आवळताना ॲक्शन स्टॉकच्या वाकड्या तळाप्रमाणे वाकवली जात आहे, असा त्याचा अर्थ. वाकलेली ॲक्शन प्रत्येक धक्क्यानंतर नेमकी त्याच जागी परत येत नाही. खाचेत लगच्या मागच्या भिंतीवर एकाच कोपऱ्यात चकाकी किंवा दबल्याची खूण दिसत असेल, तर धक्का तिरपा बसत आहे हेही तिथेच कळते.

बैठक सुधारण्याची पद्धत आता जगभर साधारण एकच आहे: ॲक्शनखालील लाकूड दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून काढायचे, त्या जागी काचतंतू किंवा धातूची पूड मिसळलेले इपॉक्सी भरायचे आणि त्यातच ॲक्शन दाबून बसवायची. इपॉक्सी कठीण झाले की ॲक्शनच्या तळाचा तंतोतंत साचा तयार होतो. हे सांगायला सोपे असले तरी कामाचे यश तयारीत असते. पोलादावर मेण किंवा त्यासाठीच मिळणारा विलगकारी थर एकही जागा न सोडता चढवावा लागतो, कारण राहिलेली जागा इपॉक्सी कायमची पकडते. ॲक्शनमधील प्रत्येक भोक, खाच आणि कंगोरा आधी मॉडेलिंगच्या मातीने बुजवावा लागतो. तसे न केल्यास इपॉक्सी आत शिरून तिथे कुलपासारखे अडकते, आणि मग स्टॉक फोडल्याशिवाय रायफल सुटत नाही. स्क्रूंनाही मेण लावावे लागते. नळी खोबणीच्या बरोबर मध्ये राहावी म्हणून तिच्याभोवती पुढच्या टोकाशी टेपचे वेढे देतात. त्या वेढ्यांवर नळी टेकते आणि तिची उंची ठरते.

रिकॉइल लगकडे विशेष लक्ष हवे. त्याच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांवर टेपचे एक-दोन थर लावतात, मागची बाजू मात्र उघडी ठेवतात. काम पूर्ण झाल्यावर टेप काढली की लग फक्त मागच्या भिंतीला पूर्ण रुंदीने टेकतो, बाकी तिन्ही बाजूंना बारीक जागा राहते. लग खाली तळाला टेकत राहिला तर ॲक्शन त्याच्यावरच डोलते आणि सगळी मेहनत वाया जाते. शिवाय सर्व बाजूंनी घट्ट बसलेला लग रायफल उघडताना इपॉक्सीचा कोपरा खरवडून काढतो.

दुसरा नाजूक भाग स्क्रूंचा. इपॉक्सी ओले असताना स्क्रू जोराने आवळले, तर ज्या वाकण्यातून सुटका हवी आहे तेच वाकणे साच्यात कायमचे गोठते. त्यामुळे ॲक्शन स्वतःच्या वजनाने आणि हलक्या दाबाने बसू द्यावी, स्क्रूंचा उपयोग फक्त जागा दाखवण्यापुरता करावा, आणि उत्पादकाने सांगितलेला पूर्ण वेळ, बहुधा २४ तास, तिला हात लावू नये. चेंबरखालच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेखालच्या, नळीच्या पहिल्या तीन-चार सेंटिमीटरना इपॉक्सीचा आधार द्यावा की नळी थेट ॲक्शनपासूनच अधांतरी ठेवावी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. जड नळीला तेवढा आधार द्यावा, या बाजूला माझा कल आहे.

लाकूड स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपते, म्हणून चांगले कारागीर स्क्रूंच्या भोकांत ॲल्युमिनिअमचे छोटे नळकांडी खांब बसवतात. स्क्रू आवळला की ॲक्शनपासून खालच्या पट्टीपर्यंत धातूला धातू भिडतो आणि मधले लाकूड चेपत नाही. असे खांब नसलेल्या लाकडी स्टॉकमध्ये साधारण ४ ते ४.५ न्यूटन मीटरइतके आवळणे पुरते. खांब किंवा ॲल्युमिनिअमचा सांगाडा असेल तर ६ ते ७ न्यूटन मीटरपर्यंत जातात. रायफल बनवणाऱ्या कंपनीने आकडा दिला असेल तर तोच पाळावा. टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोराने आवळणारा पाना, वापरून दोन्ही स्क्रू प्रत्येक वेळी सारखेच आवळणे हे सर्वांत स्वस्त बेडिंग आहे, आणि पुष्कळ रायफली एवढ्यानेच सुधारतात. स्टॉकची जाडी बदलली असेल तर पुढच्या स्क्रूची लांबीही पाहावी, कारण तो जास्त आत गेला तर काही रायफलींत बोल्टला अडतो.

काही चांगल्या रायफली मुद्दाम नळीला आधार देऊनच बनवल्या गेल्या आहेत, आणि त्यांचे उदाहरण दिल्याशिवाय हा विषय अर्धवट राहील. आपल्याकडे पोलीस आणि लष्कराच्या हातांत अनेक दशके असलेली ली-एनफिल्ड हे त्यांतले सर्वांत ओळखीचे. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती बनत असे. तिची नळी बारीक आणि फोरएंड जवळजवळ तोंडापर्यंत. नंबर ४ या तिच्या प्रकारात फोरएंडचे टोक नळीला खालून ठरावीक जोराने वर दाबत असते, तर जुन्या नंबर १ प्रकारात हेच काम स्प्रिंगने दाबलेली खुंटी करते. बारीक नळीचे मोठे हेलकावे या दाबाने काबूत राहतात. अशा रायफलीचा फोरएंड उत्साहाने खरवडून टाकला तर ती हमखास बिघडते. तिचे बेडिंग बघायचे ते मागच्या बाजूला, जिथे धक्का झेलणारे लाकडाचे दोन खांदे झिजतात किंवा चिरतात. इशापूरच्या कित्येक रायफलींच्या फोरएंडमधून आडवा घातलेला स्क्रू दिसतो, तो लाकूड चिरू नये यासाठीच आहे. याच नंबर ४ ॲक्शनवर ब्रिटिश लष्कराने १९७० च्या सुमारास ७.६२ मिलिमीटरची एल ४२ ए१ ही नेमबाज सैनिकांची रायफल तयार केली, तेव्हा मात्र फोरएंड आखूड कापला आणि नळी पूर्ण मोकळी ठेवली, कारण ही नळी जाड आणि जड होती. ॲक्शन तीच राहिली. नळीची जाडी बदलली म्हणून उत्तर बदलले.

रेमिंग्टन ७०० च्या अनेक लाकडी आवृत्त्यांतही फोरएंडच्या टोकाशी नळीला दाब देणारे दोन छोटे उंचवटे कारखान्यातूनच येत. म्हणून खरवडण्यापूर्वी प्रयोग करून पाहावा. ॲक्शनच्या तळाशी, दोन्ही स्क्रूंपाशी, पातळ पत्र्याचे तुकडे ठेवले की नळी तात्पुरती वर उचलली जाते आणि मोकळी होते. तशी गोळ्या मारून पाहावी. उलट, मोकळी नळी समाधान देत नसेल तर फोरएंडच्या टोकाशी जाड कागदाची घडी ठेवून दाब देऊन पाहावा. दोन्हींत प्रत्येकी पाच गोळ्यांची काही ग्रुपिंग (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचे पुंजके), तीच काडतुसे आणि नळी थंड होऊ देण्याइतका वेळ, एवढे केल्यावरच लाकडाला हत्यार लावावे. तीन गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपिंगवरून काहीच सिद्ध होत नाही. दुर्बिणीची पकड सैल असेल, नळीच्या तोंडाची कड दुखावलेली असेल किंवा काडतुसे निकृष्ट असतील, तर बेडिंगने त्यांतले काहीही दुरुस्त होणार नाही.

आज महाराष्ट्रात हा विषय सर्वांत जवळून भिडतो तो ५० मीटर रायफलच्या खेळाडूंना. तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकमध्ये याच अंतरावर प्रोन (पालथे पडून मारण्याच्या) प्रकारात विश्वविजेती झाली आणि स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून मारण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवले. या खेळातील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. ५० मीटरवर कोनाचा एक मिनिट साडेचौदा मिलिमीटर भरतो, म्हणजे दहाचे वर्तुळ एका मिनिटाहूनही लहान. .२२ ची गोळी संथ असल्यामुळे नळीत दोन मिलिसेकंदांहून अधिक काळ राहते आणि नळीच्या कंपनाला जास्त वेळ सापडते. म्हणून या रायफलींचे आधुनिक स्टॉक बहुधा ॲल्युमिनिअमचे असतात, ॲक्शन यंत्रावर कापलेल्या धातूच्या बैठकीवर बसते आणि नळी पुढे पूर्ण मोकळी असते. तिथेही स्क्रूंचा टॉर्क किंचित बदलून ग्रुपिंग तपासणारे प्रशिक्षक आहेत, आणि त्यांच्या नोंदवहीत प्रत्येक स्क्रूचा आकडा लिहिलेला असतो.

भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदुका दुरुस्त करण्याच्या व्यवसायाला परवाना लागतो, त्यामुळे इपॉक्सीचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे आणि आपण तपासणी व टॉर्कची नोंद यांपुरते मर्यादित राहावे. त्याला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी: खरवडलेल्या खोबणीतील आणि खांबांच्या भोकांतील उघडे लाकूड पॉलियुरेथेनने किंवा पातळ इपॉक्सीने बंद करायचे. बाहेरून चकचकीत पॉलिश केलेला स्टॉक आतून कोरडा आणि उघडा राहिला, तर पहिल्याच पावसाळ्यात तो तिथून पाणी ओढतो आणि वर्षभरापूर्वी ठेवलेली फट एका बाजूने मिटू लागते. ऑगस्टमध्ये एकदा आणि मे महिन्यात एकदा कागदाची पट्टी नळीखालून सरकवून पाहिली, तर ही हालचाल गोळी चुकण्याच्या आधी लक्षात येते.